पहिलं फेरोफ्लुइड: क्षार तोलण्यापासून व्हीएसएमच्या आलेखापर्यंत

मॅग्नेटाइटची, म्हणजे काळ्या चुंबकीय लोह-ऑक्साइडची, माझी पहिली बॅच झाली तेव्हा बीकरच्या काचेला बाहेरून चुंबक लावला आणि आतला काळा गाळ सरसर त्या बाजूला धावला. लॅबमधले सगळे खूश. मॅडमनी बीकर उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि एवढंच विचारलं, "मग उरलेलं पाणी स्वच्छ का दिसतंय?"

त्या प्रश्नाचं उत्तर समजायला मला पुढचे दोन महिने लागले. चुंबकाला काळी पूड चिकटली, याचा अर्थ पूड चुंबकीय आहे, एवढाच. फेरोफ्लुइड म्हणजे चुंबकीय नॅनोकणांचं कलिल. त्यात कण आणि द्रव वेगळे होत नाहीत, चुंबकाकडे आख्खा द्रव सरकतो. नॅनोकण बनवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते कण द्रवात तरंगते ठेवणं हे खरं काम. एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला हा विषय घेतला असेल, तर हा लेख शेजारी ठेवून काम करा.

थोडी पार्श्वभूमी. नासात स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ साली रॉकेटचं इंधन वजनरहित अवस्थेत चुंबकाने खेचता यावं म्हणून असा द्रव तयार केला. ते मॅग्नेटाइट ओलेइक आम्लाबरोबर कित्येक दिवस बॉल मिलमध्ये दळत. पुढे १९८१ मध्ये फ्रान्सच्या रेने मासार यांनी लोहक्षारांच्या पाण्यातल्या द्रावणापासून, अल्कलीने अवक्षेप पाडून, असे द्रव करण्याची रीत प्रसिद्ध केली. आज कॉलेजच्या लॅबमध्ये आपण करतो ती तिचीच भावंडं. आपल्याजवळ भावनगर विद्यापीठात या विषयावर अनेक वर्षं काम झालं आहे. तिथले शोधनिबंध आवर्जून वाचा, कारण त्यातल्या कृती आपल्याकडच्या साधनांत बसतात.

१. आधी द्रव ठरवा

बहुतेक जण कण बनवून मोकळे होतात आणि मग ते कशात घालायचे याचा विचार करतात. उलटं करा. रॉकेलसारख्या तेलकट द्रवात कण पसरवायचे असतील तर त्यांच्यावर ओलेइक आम्लाचा थर हवा. पाण्यात हवे असतील तर सायट्रिक आम्ल हा नवशिक्यासाठी सोपा मार्ग. पीव्हीएसारख्या (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरची नॅनोकंपोझिट, म्हणजे नॅनोकण मिसळलेली, फिल्म करायची असेल तर पाण्याचाच रस्ता धरा. ओलेइक थराचे कण पीव्हीएच्या द्रावणात घातले की वर काळी साय येते आणि ती कितीही ढवळली तरी आत जात नाही.

पहिल्या खेपेला रॉकेलचं करा, असं माझं मत आहे. जमलं की नाही ते लगेच कळतं.

२. काय काय लागेल

फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ५.४१ ग्रॅम आणि फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट १.९९ ग्रॅम. म्हणजे ०.०२ मोल आणि ०.०१ मोल, दोनास एक. हे प्रमाण हाच मॅग्नेटाइटचा पाया. यातून जास्तीत जास्त २.३ ग्रॅम मॅग्नेटाइट मिळतं. शिवाय लायकर अमोनिया २५ टक्के, ओलेइक आम्ल, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, अॅसिटोन, डिस्टिल्ड वॉटर आणि लॅब-ग्रेड रॉकेल. निळा रंग घातलेलं रॉकेल नको.

साधनांत वजनकाटा, हॉटप्लेट, थर्मामीटर, पीएच पेपर, सेंट्रिफ्यूज, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बाटली आणि एक चांगला निओडिमियम चुंबक. चुंबक वापरण्याआधी पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळा. उघड्या चुंबकाला एकदा फेरोफ्लुइड लागलं की ते पुरतं निघत नाही. मोठे निओडिमियम चुंबक एकमेकांजवळ आणू नका, मध्ये बोट सापडलं तर हाड मोडू शकतं. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला त्या टेबलापासून लांब ठेवा.

ढवळायला वरून फिरणारा मोटरचा स्टरर घ्या, काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या पात्याचा. मॅग्नेटिक स्टरर टाळा, कारण अवक्षेप पडल्यापडल्या आतल्या चुंबकी बीडभोवती गोळा होतो. तुम्ही समजता ढवळणं चालू आहे, आणि माल सगळा त्या बीडला लगडलेला असतो.

३. फेरस क्षाराची बाटली तपासा

माझ्या काही बॅच तपकिरी निघाल्या, त्याचं कारण इथे होतं. कपाटातली फेरस क्लोराइडची बाटली जुनी होती. ताजा क्षार फिकट हिरवट दिसतो, आमचा पिवळट-तपकिरी झाला होता. हवेतल्या ऑक्सिजनने त्यातलं बरंचसं फेरस लोह फेरिक झालेलं. वजन बरोबर, पण दोनास एक हे प्रमाण केव्हाच बिघडलेलं. मी मात्र तापमान बदलत बसले, अमोनियाचा वेग बदलत बसले.

चिमूटभर क्षार पाण्यात टाकून पोटॅशियम थायोसायनेटचा थेंब घाला. फिकट गुलाबी छटा आली तर चालेल, गडद रक्तासारखा लाल रंग आला तर ती बाटली बाजूला ठेवा. दुसरा उपाय म्हणजे मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट). बारावीच्या प्रॅक्टिकलला परमँगनेटबरोबर टायट्रेशन केलं होतं तेच. हवेत ते जास्त टिकतं. ०.०१ मोलसाठी ३.९२ ग्रॅम घ्या.

पाणीही आधी पंधरा मिनिटं उकळून झाकून गार करा. त्यातला विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. नायट्रोजनचा सिलिंडर असेल तर उत्तमच, बुडबुडे सोडत राहा. नसेल म्हणून काम अडत नाही.

४. अवक्षेप पाडणं

दोन्ही क्षार १०० मिली पाण्यात विरघळवा, हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब घाला आणि ढवळत ७० ते ८० अंशांपर्यंत तापवा. हे सगळं फ्यूम हूडमध्ये. अमोनियाची बाटली एप्रिल-मेमध्ये उघडण्याआधी अर्धा तास बर्फात ठेवा, कारण उन्हाळ्यात आत दाब साठतो आणि झाकण फिरवताच वाफ थेट डोळ्यांवर येते. गॉगल हवाच.

मग २५ मिली अमोनिया एकदम ओता. थेंबथेंब नको. सावकाश घातलं की पीएच हळूहळू चढतो, वाटेत दुसरी लोह-हायड्रॉक्साइडं तयार होतात आणि कणांचे आकार विखुरतात. नीट ओतलंत तर नारिंगी-पिवळं द्रावण पापणी लवायच्या आत काळंभोर होतं. तपकिरी झालं तर पुढे जाऊ नका, तिसऱ्या पायरीकडे परत या. पीएच १० च्या आसपास आहे ना ते पाहा आणि अर्धा तास ढवळत ठेवा.

५. ओलेइक आम्ल किती?

निबंधांमध्ये हा आकडा कुठे अर्धा मिली, कुठे पाच मिली असा सापडतो. नवा माणूस त्यातला एक उचलतो आणि फसतो. त्यापेक्षा स्वतः हिशेब करा, पाच मिनिटांचा आहे.

मॅग्नेटाइटची घनता ५.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. कण १० नॅनोमीटरचे धरले तर सहा भागिले (घनता गुणिले व्यास), या सूत्राने एका ग्रॅमचं पृष्ठफळ सुमारे ११५ चौरस मीटर येतं. एका ग्रॅममध्ये बाराशे चौरस फुटांच्या फ्लॅटएवढं! आपल्याकडे २.३ ग्रॅम आहेत, म्हणजे साधारण २६५ चौरस मीटर. ओलेइक आम्लाचा एक रेणू कणावर उभा राहायला अंदाजे ०.३ चौरस नॅनोमीटर जागा घेतो. भागाकार केला की दीड मिलिमोल, म्हणजे जेमतेम ०.४ ग्रॅम, अर्ध्या मिलीच्या आसपास. एवढं एका थराला पुरतं. सगळं काही जागेवर बसत नाही, म्हणून दुप्पट, एक मिली घाला.

कमी पडलं तर कण उघडे राहून एकमेकांना चिकटतात. फार झालं तर पहिल्या थरावर उलट्या तोंडाचा दुसरा थर बसतो, कणाची बाहेरची बाजू पुन्हा पाणीप्रेमी होते आणि माल रॉकेलमध्ये उतरायला तयार होत नाही. मी एकदा पाच मिली घातलं होतं. साबणासारखा फेस आला आणि काळं-राखाडी दही तयार झालं.

ओलेइक आम्ल घातल्यावर ८० अंशांवर तासभर ढवळा. अमोनियाचा वास कमी होत जाईल. थंड झाल्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालून पीएच ५ ते ६ वर आणा. इथे थांबून बघण्यासारखं दृश्य असतं: काळा लगदा डांबराच्या गोळ्यासारखा एकत्र येतो आणि भोवतीचं पाणी निवळतं. या पायरीवर पाणी स्वच्छ दिसणं बरोबर आहे. कणांना आता पाणी नको आहे, त्यांना तेल हवं आहे.

६. धुणं, आणि अजिबात न वाळवणं

खालून चुंबक लावून पाणी ओतून टाका. गरम डिस्टिल्ड वॉटरने तीन-चार वेळा धुवा, म्हणजे क्लोराइड निघतं. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढरेपणा येतो का ते पाहा. मग अॅसिटोनने दोनदा. त्याने उरलंसुरलं पाणी आणि जादा ओलेइक आम्ल जातं. दोनदाच. पुनःपुन्हा अॅसिटोन वापरलंत तर हवा असलेला थरही ढिला होतो.

आता सगळ्यात मोठा सापळा. "उद्या करू" म्हणून लगदा ओव्हनमध्ये ठेवू नका. वाळताना कण एकमेकांना असे घट्ट बसतात की नंतर सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र) लावूनही ते पुरते सुटत नाहीत. एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी स्फटिक तपासण्यासाठी) चमचाभर वेगळा काढून तेवढाच वाळवा. कोरडी पूड हाताळताना एन-९५ मास्क लावा. बाकीचा ओलसर लगदा तसाच १० मिली रॉकेलमध्ये घाला, ६० अंशांवर हलकेच तापवत ढवळा, अॅसिटोन उडून जाऊ द्या. इथे उघडी ज्योत जवळपास नको. मग ३००० आरपीएमवर वीस मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि तळाचा गाळ टाकून वरचा काळा द्रव ठेवा. गाळाचं वजन नोंदवहीत लिहा, कारण पुढच्या बॅचमध्ये सुधारणा झाली का ते त्यावरूनच कळेल.

टाकाऊ द्रव सिंकमध्ये ओतायचा नाही. लेबल लावलेली वेगळी बाटली ठेवा.

७. कलिल जमलं का?

कुठलंही महागडं यंत्र गाठण्याआधी या चाचण्या करा.

काचेच्या बाटलीला बाजूने चुंबक लावा. द्रव काचेवर चढला आणि बाकीचा द्रवही तितकाच काळा राहिला, तर पास. चुंबकापासून लांबच्या बाजूला फिकट, पारदर्शक पट्टा दिसला तर नापास. बाटली चुंबकावर रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा पाहा.

फिल्टर पेपरवर एक थेंब टाका. चांगलं कलिल तपकिरी वर्तुळ होऊन एकसारखं पसरतं. वाईट कलिलात मध्ये काळा ठिपका आणि भोवती स्वच्छ तेलाचं कडं दिसतं.

वॉच ग्लासमध्ये थोडा द्रव घेऊन खालून चुंबक सावकाश वर आणा. द्रव पुरेसा तीव्र असेल तर पृष्ठभागावर काटे उभे राहतात, साळिंदराच्या पाठीसारखे. चुंबक हळूहळू वर नेलात तर आधी पृष्ठभाग फुगतो आणि मग एका ठरावीक अंतरावर काटे एकदम फुटतात. काटे आले नाहीत म्हणून बॅच फुकट गेली असं नाही. द्रव विरल असेल तरी काटे येत नाहीत.

ते तपासायला स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बाटली भरून वजन करा. समजा घनता १.०२ आली. रॉकेलची ०.८०. फरक ०.२२. मॅग्नेटाइट आणि रॉकेल यांच्यातला फरक ४.४. भागाकार ०.०५, म्हणजे आकारमानाने पाच टक्के मॅग्नेटाइट. ओलेइक आम्लाची घनता रॉकेलच्या जवळपास असल्याने हा अंदाज चालतो. एका साध्या बाटलीतून एवढी माहिती मिळते, तरी कित्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हा आकडाच नसतो.

८. मोठ्या यंत्रांसाठी वेळ घेणं

आपल्या कॉलेजात व्हीएसएम (चुंबकन मोजणारं यंत्र) किंवा टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) नसेल तर आयआयटी मुंबईचं सैफ हे उपकरण केंद्र आहे, यूजीसी-डीएई सीएसआर या संशोधन संस्थेची इंदूर, मुंबई आणि कोलकाता केंद्रं आहेत, आणि देशभरातली उपकरणं शोधायला आय-स्टेम पोर्टल आहे. रांग असते. सॅम्पल तयार झाल्यावर नाही, कृती पक्की झाल्यावर लगेच अर्ज करा.

जवळ हे ठेवा: मार्गदर्शकांचं सही-शिक्क्याचं पत्र, ओळखपत्र, भरलेला सॅम्पल फॉर्म, द्रव आणि रसायनांचं सुरक्षितता पत्रक, आणि एका कागदावर स्पष्ट लिहिलेलं: किती अंशांपासून किती अंशांपर्यंत स्कॅन हवा, किती चुंबकीय क्षेत्रापर्यंत मोजणी हवी, पूड आहे की द्रव.

टीईएमच्या फॉर्मवर "चुंबकीय नमुना" हे ठळक लिहा. सुटी चुंबकीय पूड सूक्ष्मदर्शकाच्या लेन्सकडे खेचली जाऊ शकते, म्हणून ऑपरेटर आधी विचारतात. लपवून सॅम्पल देणं हा त्या यंत्रावर अवलंबून असलेल्या सगळ्यांवर अन्याय आहे. अगदी विरल थेंब ग्रिडवर वाळवून द्या.

९. रीडिंग वाचताना

एक्सआरडी. तांब्याच्या किरणांनी ३०.१, ३५.५, ४३.१, ५३.५, ५७.० आणि ६२.६ अंशांच्या जवळ शिखरं दिसायला हवीत, सगळ्यात उंच ३५.५ चं. लोहामुळे पार्श्वभूमी वर उचललेली असते, म्हणून स्कॅन सावकाश मागा. कणाचा आकार देणाऱ्या शेररच्या सूत्रात शिखराची रुंदी रेडियनमध्ये घालायची असते. रुंदी ०.८ अंश असेल तर उत्तर १०.४ नॅनोमीटर येतं. अंशच घातले तर ०.१८ नॅनोमीटर, म्हणजे अणूएवढा कण. ती चूक लगेच लक्षात येते. दुसरी चूक जास्त घातक आहे: आलेखावरचा कोन दुप्पट असतो, त्याचा निम्मा करून कोसाइन घ्यायचा. निम्मा करायला विसरलात तर उत्तर १२.२ येतं. तेही पटण्यासारखं दिसतं, आणि तसंच प्रबंधात जातं.

या आकारात मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट (त्याच्या जवळचं दुसरं लोह-ऑक्साइड) यांची शिखरं इतकी जवळ असतात की फक्त एक्सआरडीवरून "शुद्ध मॅग्नेटाइट" असं लिहू नका. लोहाच्या अणूंची अवस्था ओळखणारी मॉसबाउअर मोजणी मिळाली तर करा. रामन (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणं) करणार असाल तर लेझरची शक्ती कमी ठेवायला सांगा, नाहीतर कण तापून हेमाटाइट होतात.

डीएलएस, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून द्रवातल्या कणांचा आकार मोजणं. इथे येणारा आकार एक्सआरडीपेक्षा मोठा असणारच, कारण थर आणि भोवतालचा द्रवही मोजला जातो. शिवाय विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, त्यामुळे मूठभर गुठळ्या सगळा आलेख आपल्याकडे ओढतात. सॅम्पल चहापेक्षा फिकट होईपर्यंत विरल करा आणि रॉकेलची स्निग्धता यंत्रात आठवणीने भरा. तिथे आपोआप पाण्याचा आकडा असतो.

व्हीएसएम. पूड होल्डरमध्ये घट्ट बसवा. माझी पहिली मोजणी वाया गेली, कारण पूड होल्डरमध्ये हलत होती आणि आलेखात पायऱ्या आल्या. मोठ्या तुकड्याच्या मॅग्नेटाइटचं संपृक्त चुंबकन (क्षेत्र वाढवूनही ज्यापुढे चुंबकन वाढत नाही ते) ग्रॅममागे ९२ इएमयूच्या (चुंबकनाचं एकक) आसपास असतं, आपल्या कणांचं साधारण ५० ते ७०. कमी आलं म्हणून घाबरू नका, आधी टीजीए (तापवत नेताना वजन किती घटतं त्याची मोजणी) पाहा. समजा ५६ आलं आणि टीजीएत २० टक्के वजन घटलं, तर ते वजन ओलेइक आम्लाचं आहे. छप्पन्नला ०.८ ने भागा: मॅग्नेटाइटच्या ग्रॅममागे ७०. पाचव्या पायरीतल्या हिशेबाने एका थराचे १५ टक्के होतात, म्हणजे तुमच्या कणांवर थोडं जादा आम्ल आहे हेही इथेच कळलं. "सुपरपॅरामॅग्नेटिक" (क्षेत्र काढलं की चुंबकन न उरणारं) हा शब्द लिहिण्याआधी आलेखाचा मधला भाग मोठा करून पाहा. पूर्ण आलेखात वीस-तीस अर्स्टेडचं (चुंबकीय क्षेत्राचं एकक) लूप दिसतच नाही.

१०. त्याच कणांची फिल्म

नॅनोकंपोझिटसाठी चौथ्या पायरीपर्यंत तेच करा. मग कण धुऊन घ्या आणि ओलेइकऐवजी सायट्रिक आम्लाच्या द्रावणात ८० ते ९० अंशांवर तासभर ढवळा. थोड्या पाण्यात पसरवून सातव्या पायरीची चुंबकाची चाचणी घ्या. एक मिली कलिल वाळवून वजन केलंत की त्यात किती घन माल आहे ते समजतं. वजनाच्या टक्केवारीचा सगळा हिशेब त्यावरच करा.

पीव्हीए ५ ग्रॅम १०० मिली पाण्यात ८५ ते ९० अंशांवर पूर्ण पारदर्शक होईपर्यंत विरघळवा. गार झाल्यावर कलिल मिसळा, बुडबुडे जाईपर्यंत ठेवा आणि पेट्री डिशमध्ये ओता. डिशखाली स्पिरिट लेव्हल लावा. टेबल जरासं कललेलं असलं तरी फिल्म एका बाजूला जाड होते, आणि मग त्या फिल्मच्या कुठल्याच मोजणीला अर्थ राहत नाही. ४० अंशांवर वाळवा. कण न घातलेली एक फिल्म त्याच दिवशी, तेवढ्याच जाडीची करा. ती नसेल तर तुलना कशाशी करणार?

फिल्म वाळताना जवळपास चुंबक राहू देऊ नका. आमच्या एका फिल्ममध्ये सूक्ष्मदर्शकाखाली समांतर रेषा दिसल्या. आठवडाभर कारण सापडेना. शेवटी कळलं, शेजारच्या ड्रॉवरमध्ये निओडिमियमचे चुंबक होते आणि कण चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने साखळ्या करून बसले होते. पुढे तोच प्रयोग आम्ही मुद्दाम केला, ठरवलेल्या क्षेत्रात, आणि प्रबंधातलं एक प्रकरण त्यावर उभं राहिलं.

प्रत्येक बॅचची एक काचेची बाटली घट्ट झाकण लावून बाजूला ठेवा. लेबलवर तारीख, ओलेइकचं प्रमाण, घनता आणि गाळाचं वजन लिहा. महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी तिला पुन्हा चुंबक लावून उजेडात धरा.